एंटरवरची टिकली

हिम्मतरावांचा फोन दुपारी एकला आला, तेव्हा माझ्या हातात भाताचा चमचा होता. हे आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादक. आवाज असा, की समोरच्याचा अर्ज आधीच नामंजूर झालेला आहे.

"बाई, तुमचा लेख पानावर बसेना हो. ओळी सगळ्या अर्ध्यातच तुटायल्यात. प्रेसवाला पार परेशान झालाय."

"मग नीट करा."

"एवढा वेळ कुणाला आहे? पाच वाजता फाईल बंद होणार. मंडळातल्या गौतमला सांगतो, तुमचं वाचून तो चार ओळी लिहील. खाली 'माहिती : एक ज्येष्ठ सभासद' असं टाकू."

एक ज्येष्ठ सभासद! माझं डोकंच फिरलं. आबिड्सला वकिलांच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं टायपिस्ट होते. हजारो माणसांची नावं टाईप केली, पण कुठल्याही कागदावर माझं नाव कधी आलं नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं होतं. जामबागेतल्या टायपिंगच्या वर्गाबद्दल, तिथं शिकून घर चालवणाऱ्या आम्हा मुलींबद्दल. तेही सुनेनं दिलेल्या टॅबवर, महिनाभर काचेवर बोटं आपटून. आणि ते चार ओळींत? गौतमच्या?

"पाचच्या आत नवी फाईल देते," म्हणाले आणि फोन ठेवला. मग रश्मीला, म्हणजे सुनेला, तिच्या ऑफिसात फोन लावला. तिनं फाईल उघडली आणि खो खो हसत सुटली.

"आई, तुम्ही प्रत्येक ओळ संपली की एंटर मारलाय! कायकू?"

"मग ओळ खाली कशी जाणार?"

"आपोआप जाते हो! स्मरणिकेचं पान अरुंद आहे ना, म्हणून तुमची एकेक ओळ दोन ठिकाणी तुटायली. थांबा, मी सातला येते, करून देते."

सातला येऊन काय उपयोग? पण चूक कळली. मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि हातानं दांडा ढकलायचा, तेव्हा कागद पुढच्या ओळीवर यायचा. ते हातात इतकं मुरलं होतं की घंटी नसतानाही मी दांडा ढकलतच होते. टॅबवर त्याचं नाव एंटर, एवढाच काय तो फरक.

एकेक एंटर पुसायला बसले. बोट ठेवावं एकीकडे आणि रेघ लुकलुकावी भलतीकडेच. वीस मिनिटांत नऊ ओळी झाल्या. दोनशेच्या वर बाकी होत्या. आता मात्र मला रडू यायला लागलं.

मग स्वतःचाच राग आला. वकीलसाहेब एक शब्द बदलायचे आणि मी अख्खं पान पुन्हा टाईप करायची. तेव्हा कधी रडले होते का? रश्मीनं आधीच छापून आणलेला लेख डाव्या हाताला ठेवला, कोरं पान उघडलं आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीला बोट गेलंच एंटरवर! सवय ती. मी उठले, रश्मीच्या आरशाजवळचं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि तीन टिकल्या एकावर एक रचून काचेवर बरोबर एंटरच्या जागी चिकटवल्या. आता बोट तिथं गेलं की खडबडीत लागायचं आणि मागं यायचं. परिच्छेद संपला तरच टिकली दाबायची, एरवी नाही.

आणि मग हात सुटले. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटत होतं, आणि त्या अक्षरांच्या जागा माझ्या बोटांना झोपेतही माहीत आहेत. दोन वाजले, तीन वाजले. चहा नाही, पाणी नाही. दारावर कुणीतरी दोनदा घंटी वाजवून निघून गेलं. पाठ मोडून आली होती, पण सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. चार चाळीसला शेवटचा पूर्णविराम दिला, पान अरुंद करून पाहिलं. ओळी शहाण्यासारख्या आपापल्या वळल्या. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

फाईल पाठवली. पाचला पाच मिनिटं कमी असताना हिम्मतरावांचा फोन आला.

"बाई, एकदम बसला लेख! कुणाकडून करून घेतलात?"

"माझ्याकडून."

"हौ का? मग ते गौतमचं राहू द्या. दोन पानं लागतायत, ती तुमचीच. फक्त अनुक्रमणिकेत नाव घालायचं राहिलंय, थांबा, फोन ठेवू नका." आणि पलीकडच्या प्रेसवाल्याला ते मोठ्यानं सांगू लागले, "लिही रे. पान बारा. भारती नळदुर्गकर. भा, र, ती. झालं? आता नळ, दुर्ग, कर."

चौतीस वर्षं लोक सांगत होते आणि मी टाईप करत होते. आज हिम्मतराव सांगत होते, दुसरंच कुणी टाईप करत होतं, आणि नाव माझं होतं.

"पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगा त्याला," मी म्हणाले.