बेचाळीस हजर

दर तीन महिन्यांनी आमच्या शिवणकारखान्यात आगीची तालीम होते. भोंगा वाजला की चौथ्या मजल्यावरच्या बेचाळीस जणांनी मागच्या जिन्याने उतरायचं, अंगणात रांगेत उभं राहायचं आणि नाव आलं की 'हजर' म्हणायचं. माझा डावा पाय लहानपणापासून अधू आणि तालमीत लिफ्ट बंद. म्हणून सुपरवायझरने मला बजावून ठेवलं होतं की तू काजाच्या मशीनपाशीच बसून राहा, तुझ्यापायी आमची वेळ वाढते. मीही बसायचे. बसायला कुणाला नको असतं?

या वेळी मात्र डोकं फिरलं. खरी आग काय मला विचारून लागणार आहे? सगळे उतरल्यावर मी जिन्यात शिरले आणि मागे दार लागलं. आमची दारं जिन्याच्या बाजूने उघडत नाहीत. म्हटलं, असू दे, खालचं तर उघडंच आहे. कठडा धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत आले, तोच खालून टाळ्या ऐकू आल्या. चार मिनिटांत बेचाळीस हजर, असं सुपरवायझर ओरडून सांगत होता. मग खालच्या दाराला बाहेरून कडी लागली. गणती पुरी झाली की वॉचमन ती लावतो, कुणी गुपचूप वर पळू नये म्हणून.

बेचाळिसावी तर मी होते.

जिन्याला खिडकी नाही, आणि तालमीत दिवे बंद. मी हाका मारल्या, कठड्यावर चप्पल आपटली. अंगणातल्या गप्पांपुढे माझं कोण ऐकणार? मी चांगलीच घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पायरीवर बसून रडले.

तालीम संपली, लिफ्ट सुरू झाली आणि सगळे वर गेले. माझं स्टूल रिकामं बघून धाकटी जाऊ परत खाली धावली आणि कडी काढून जिना चढत आली. ती आमच्याच रांगेत बटणं लावते.

मी विचारलं, बेचाळीस कसे भरले? तिने मान खाली घातली.

"ताई, तुमच्या नावाला दर वेळी मीच हजर म्हणते. तुमच्यापायी गणती अडली म्हणून तुम्हाला बोलणी बसायला नकोत."

माझ्यावरच्या मायेपोटीच केलं होतं तिने. तिच्यावर चिडायचं तरी कसं?

"पुढच्या वेळी माझं नाव आलं की तू गप्प राहायचं."

"सुपरवायझर ओरडेल, ताई. वेळ जाईल."

"ओरडू दे. ओरडता ओरडता विचारेल तरी, ती कुठे आहे म्हणून."