नाक्यावरची माफी

जकात नाक्यावरचा आडवा बांबू उचलायचा नि खाली सोडायचा, यातच दादासोंची एकवीस वर्षं गेली होती. खांदा आता कुरकुर करायचा. त्यात चौऱ्याहत्तर साली गावाच्या कडेला पंपांचा मोठा कारखाना आला आणि नगरपालिकेनं त्याच्या मालाला सात वर्षं जकात माफ केली. तेव्हापासून दिवसातनं पंधरा वेळा बांबू फुकट उचलावा लागे. ट्रकवाले थांबतसुद्धा नसत, लांबूनच हॉर्न देत.

त्याचंही दादासोंनी मनाला लावून घेतलं नसतं. पण जकातीचं उत्पन्न पुरेना म्हणून नगरपालिकेनं बालवाडीचं अनुदान बंद केलं. बालवाडी त्यांची लेक अंजना चालवायची. नवरा गेल्यापासून तिचा जीव त्या चाळीस पोरांतच रमलेला. दादासो टोपी सारखी करून मुख्याधिकाऱ्यांपुढं उभे राहिले.

"साहेब, कारखान्याला देताय. मग आमच्या पोरांनीच काय घोडं मारलंय?"

साहेब माणूस भला, पण तोही दमलेला. "कारखान्याला आपण एक पैसा देत नाही, दादासो. घेत नाही, एवढंच. बालवाडीला तिजोरीतून काढून द्यावे लागतात. ते अनुदान, ही माफी."

दादासो परतले. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर अर्धंमुर्धं पटलंही.

दुसऱ्या दिवशी चांदसाहेब मणियार म्हसवडहून आला. सायकलला बांगड्यांची पेटी बांधलेली, तोंड उतरलेलं.

"दादासो, होतं नव्हतं ते मालात घातलं. जकातीपुरतं बी उरलं न्हाई गड्या. पेटी हितंच ठिवून जाऊ का?"

दादासोंनी बांबू उचलला. "जा. मी काय तुला देत न्हाई. घेत न्हाई, एवढंच."

नेमका तपासनीस मागं येऊन उभा होता. तिसऱ्या दिवशी कागद आला: नगरपालिकेचा दीड रुपया परस्पर देऊन टाकल्याबद्दल खुलासा करावा. 'देऊन टाकल्याबद्दल' हे दादासोंनी तीनदा वाचलं. मग खुलाशात साहेबांचंच बोलणं जसंच्या तसं उतरवलं. दिला नाही. घेतला नाही, एवढंच. हे अनुदान नव्हे, माफी आहे.

साहेबांनी तो कागद वाचला आणि दादासोंना बोलावून घेतलं.

"हे फाईलला लागलं तर सभेत वाचतील. मग कारखान्याच्या माफीचा ठरावही निघेल."

"निघू द्या की."

"आणि तुमची नोकरी? दोन वर्षं राहिलीत." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "चूक झाली, एवढंच लिहा. मी मिटवतो."

"आन् बालवाडी?"

साहेबांनी पेन उघडून कोऱ्या कागदावर ठेवलं. दादासोंना राग आला होता, पण त्याहून जास्त थकवा आला होता. त्यांनी लिहून दिलं.

घरी अंजना पोरांच्या पाट्या एकावर एक रचून सुतळीनं बांधत होती. उद्यापासून त्यांचं काम नव्हतं.

"काय लिवलं तुमी, आबा?"

"चूक झाली म्हणून."

"कुणाची?"

दादासो खांदा चोळत खाली बसले. "त्ये लिवायला सांगितलं न्हाई."