पेंटर हरवला

ह्यांच्या हाताला टर्पेंटाईनचा वास होता. आंघोळ केली, दोनदा साबण लावला, तरी जायचा नाय. भात कालवताना यायचा, पोराला थोपटलं की त्याच्या केसांना लागायचा. लग्न होऊन घाटकोपरच्या डोंगरावरच्या ह्या खोलीत आले तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं, मुंबईचाच वास असा असेल.

ह्यांना नावानं कोण ओळखत नव्हतं. अख्ख्या डोंगराला ते पेंटर. खाली बाजारात गिरणीपासून दाताच्या दवाखान्यापर्यंत सगळे बोर्ड ह्यांच्या हातचे. आधी दोरा निळीत माखायचा, एक टोक माझ्या हातात, एक ह्यांच्या, आणि ताणून टिचकी मारली की टप्प आवाज होऊन पत्र्यावर सरळ रेघ उठायची. मग डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि अक्षर पुरं होईस्तोवर श्वास रोखलेला. चारच्या उन्हात ओला पिवळा रंग असा उभा राहायचा, जशी पाण्यात हळद, आणि त्याचा उजेड ह्यांच्या तोंडावर पडला की हा माणूस माझा आहे ह्यावर माझाच विश्वास बसायचा नाय.

मी दुसरी शिकलेली. बोर्ड झाला की मला रस्त्यापलीकडं उभी करायचे. दहा पावलं चाल, थांबू नको, काय वाचलंस ते सांग. मला अक्षर लागलं नाय तर ओला रंग पुसून परत लिहायचे. "तुला कळलं म्हणजे जगाला कळलं," म्हणायचे. ते कौतुक होतं की टोमणा, मी कधी विचारलं नाय. वाचणारा थांबत नसतो, म्हणायचे, त्याच्या हातात पिशवी असते, डोक्यात घर असतं, त्याला एकच गोष्ट सांगायची.

मग फ्लेक्सचं मशीन आलं. ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले, आणि मागोमाग ह्यांचं डोकंही वाळत गेलं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग सुनीलचं, पोटच्या पोराचं. हात मात्र विसरला नाय. दारात बसून बोटानं हवेत अक्षरं काढायचे, आणि माझी मान हलली की समाधानानं हात मांडीवर ठेवायचे, पाखरू फांदीवर बसावं तसा.

श्रावणातल्या एका सकाळी मी नळावर होते. हे लुंगी-बनियनवर डोंगर उतरले. परत चढले नाहीत.

पोलिसांनी नाव विचारलं. जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, ते सुनीलनं सांगितलं. दवाखाने बघून झाले. मग मंडळाचा अध्यक्ष बाळा घरी आला, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. म्हणाला, "काकी, टेन्शन नको घेऊ. मुलुंडपर्यंत फ्लेक्स लावतो, सगळं माझ्याकडं." फोटो मागितला. आपल्यात फोटो द्यायचा म्हणजे चांगलाच द्यायचा. मी ट्रंकेतून सुनीलच्या लग्नातला काढून दिला, कोट घातलेला, केस काळे केलेले, दाढी गुळगुळीत. लुंगीतला म्हातारा चार लोकांत कसा दाखवायचा. ती चूक माझी. ती मी कुणावर टाकत नाय.

फ्लेक्स लागला. गोल चौकटीत हे, भोवती झेंडूची फुलं, मशीनवाल्याकडं तयारच होती म्हणे. वर श्री. लावून पूर्ण नाव, जे कुणाला ठाऊक नव्हतं. खाली बाळा पांढऱ्या कपड्यांत, बाजूला मंडळाची सगळी पोरं, सगळ्यांचे हात जोडलेले. मध्ये कुठंतरी तिरक्या बारीक अक्षरांत, हरवले आहेत. मी पलीकडं जाऊन दहा पावलं चालले. मला बाळा वाचता आला.

सुनीलला सांगितलं तर म्हणाला, "आई, त्यानं एवढं केलंय, आता खोट नको काढू गं." मिंध्या माणसानं काय बोलायचं. येणारी-जाणारी माणसं फ्लेक्ससमोर आली की चालता चालता कपाळाला हात लावायची. एक म्हातारा तर चपला काढून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वाकोल्याहून ह्यांची मावसबहीण रडत डोंगर चढून आली. "वयनी, ह्या काय झाला गो, आमका कळवलात पण नाय." मी तिला पाणी दिलं, कपाळावरच्या कुंकवाकडं बोट दाखवलं. ती कुंकू बघून आणखीच रडायला लागली. तिला वाटलं, मला अजून कुणी सांगितलंच नाय.

गणपती आले, ह्यांचा फ्लेक्स उतरला, मंडळाचा चढला. दिवाळी गेली. मार्गशीर्षातली उन्हं खोलीत लांबवर यायला लागली तेव्हा मी ह्यांचे ब्रश टर्पेंटाईनमध्ये भिजत घातले, आणि तो वास उठला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लाल रंगानं मीच लिहिलं. पेंटर हरवला. लुंगी, पांढरी दाढी. बोटानं हवेत लिहितो. खाली सुनीलचा फोन नंबर. अक्षरं म्हणजे कोंबडीनं पाय उमटवावेत तशी. सुनील खळ घेऊन निघाला आणि मुलुंडपर्यंत चिकटवून आला.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलुंड चेकनाक्यावरची चहावाली. आम्ही दोघं गेलो. तिनं बाकडं दाखवलं.

"इथंच बसायचा ना बाबा. दोन दिवस होता. समोरच्या दुकानाचा बोर्ड बघून बोट फिरवत राहायचा. चहा दिला मी, खारी दिली."

कधी, मी विचारलं.

"गणपतीच्या आधी."

तेव्हा इथं एक फ्लेक्स होता, मी म्हटलं, गोल फोटोचा.

"होता ना, मावशी. बरोबर त्याच्या डोक्यावर. मला वाटलं, कोणी मोठा माणूस वारला."

ती बोलून गेली, मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं पातेल्याखालचा गॅस बंद केला. तिसऱ्या दिवशी तो ठाण्याच्या बाजूला चालत गेला, एवढंच तिला ठाऊक. सुनील त्या रस्त्यानं ठाण्यापर्यंत विचारत गेला. एवढ्या दिवसांनी रस्ता काय सांगणार. मी बाकड्यावर बसून राहिले. ऊन पायावर आलं, गुडघ्यावर आलं, उतरून गेलं.

ह्या भादव्यात सुनील हळूच म्हणाला, आई, सर्वपित्रीला बाबांचं पान वाढूया का, ज्यांची तिथी ठाऊक नाय त्यांचं त्या दिवशी चालतं. मी तांदूळ निवडत बसले. मेलेल्या माणसाला एक दिवस असतो, त्या दिवशी रडून घेतलं की बाकीच्या वर्षाला घरातली माणसं मोकळी. ज्याचा दिवसच ठाऊक नाय, तो रोज थोडा थोडा जातो, आणि दिवस मावळला तरी पुरता जात नाय.