शुक्रवारचं पडवळ

"आई, आज जेवायला काय केलंयस?" सान्वीने डब्लिनहून व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"पडवळ," शेवंती म्हणाली.

माझ्या ताटात सोडे-वांगं होतं, सुक्या कोळंबीचं. तांदळाची भाकरी, सोडे-वांगं आणि चिरलेला कांदा. शेवंतीनेच पाच मिनिटांपूर्वी वाढलं होतं, आणि आता तीच बाई पापणीही न लववता पोरीला पडवळ सांगत होती. मी घास तोंडात तसाच धरून तिच्याकडे बघितलं. तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर तेवढं कळतं.

पण पायापेक्षा तो शब्दच मला जास्त लागला.

मी सुदेश. मस्कतला सतरा वर्षं पंप दुरुस्त केले, पाच वर्षांपूर्वी परत आलो आणि शहाड स्टेशनजवळ मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. इथून खडकपाड्यापर्यंत कुठल्याही सोसायटीची पाण्याची मोटर जळाली की लोक आधी मला फोन करतात, हे मी उगाच सांगत नाही.

मस्कतहून मी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी फोन करायचो. आठवडा चांगला गेला असेल तर माझ्याकडे बोलायला भरपूर असायचं. कुठला पंप उघडला, साहेब काय म्हणाला, सगळं. आठवडा वाईट गेला असेल तर काही सुचायचंच नाही. मग मी विचारायचो, "आज काय केलंयस?" आणि शेवंती सांगायची, "पडवळ."

पडवळ मला अजिबात आवडत नाही. कामगारांच्या कॅम्पवर मी सगळ्यांना हसवायचो, की माझ्या बायकोने शहाडला पडवळाचा मळा घेतलाय. आणि खरं सांगायचं तर जेवणाच्या रांगेत कसलीशी डाळ ताटात घेताना मला त्या पडवळाने बरं वाटायचं. घरी असतो तरी तेच खाल्लं असतं.

आता गंमत बघा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आमच्या कोकणातल्या घरात माशाचे वार. शुक्रवारी आमच्याकडे पडवळ शिजलं तर कोणी आजारी आहे का, म्हणून शेजारी विचारायला येतील. हे मला काय माहीत नव्हतं? नुसत्या आवाजावरून पंपाचा आजार ओळखणारा माणूस मी, पण सतरा वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आणि आज तर रविवार होता.

"मस्त," सान्वी म्हणाली. "मी पण येऊन पास्ता केला. एकदम ओके आहे मी."

केस विंचरलेले, कानात रिंगा, मागे आवरलेली खोली. रात्रपाळी करून आलेल्या नर्सचे केस असे नसतात. आठ महिन्यांपूर्वी विमानतळावर मीच तिला शिकवलं होतं, की रडत घरी फोन करायचा नाही. तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि मग लावायचा. अनुभवी बापाचा सल्ला होता, पोरीने तो तंतोतंत पाळला होता.

मी शेवंतीच्या हातातून फोन घेतला. "सानू, पडवळ नाहीये. सोडे-वांगं आहे." आणि ताट दाखवलं.

"अहो," शेवंती म्हणाली.

सान्वी ताटाकडे बघत राहिली. मग तिने फोन टेबलावर पालथा ठेवला असावा, कारण स्क्रीन काळी झाली आणि नुसता आवाज येत राहिला. शेवंती मला काही बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. मी पोरीला रडू दिलं.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वॉर्डातली एक आजी गेली रात्री. रोज माझा हात धरून झोपायची. मी ड्यूटी संपवली, बसने रूमवर आले. इथे सांगायला कोणीच नाय. चार वाजले की काळोख होतो."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"तुम्हीच बोललेलात, रडत फोन नाय करायचा. तुम्ही कुठे रडायचात?"

शेवंती शेजारीच बसली होती. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, पण मला ते जमेना.

"पंप रूममध्ये रडायचो," मी म्हणालो. "दोन्ही पंप चालू करून. तू पहिलीत गेलीस ना, त्या दिवशी तर तिसरा पण चालू केलेला."

सान्वी नाक ओढत हसली.

"ह्यांना वाटतं मला कळायचं नाय," शेवंती माझ्याकडे न बघता फोनला सांगू लागली. "जेवायला काय केलं विचारलं, की मी समजायचे, आज गाडी बिघडलेय. मग घरात पापलेट का असेना, मी पडवळ सांगायचे. तिकडे बसून माणसाने जीव कशाला जाळायचा? फोन ठेवल्यावर ते पापलेट मला गोड लागायचं नाय, ती गोष्ट वेगळी."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की लांब राहण्याचा त्रास मला एकट्यालाच होता. मला माझीच लाज वाटली.

"बाबा, मी परत आले तर?"

"ये. घर तुझंच आहे. पण आज नको ठरवू. तापलेली मोटर कोणी लगेच खोलत नाय. थंड होऊ दे, शुक्रवारी फोन कर. खोलायचीच झाली तर आपण मिळून खोलू. आणि केस नाय विंचरलेस तरी चालेल."

शुक्रवारी सकाळी मी बाजारातून हातभर लांब पडवळ आणलं. सतरा वर्षं जे माझ्यासाठी फक्त फोनवर शिजत होतं, ते एकदा ताटात घ्यावं असं मला वाटलं. पिशवीतून बाहेर आलेलं टोक बघून मासेवाली भीमाबाई म्हणाली, "दादा, आज शुक्रवार हाय ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

शेवंतीने पिशवी बघितली. चणाडाळ भिजत घातली आणि खोबरं खवायला बसली.

दुपारी सान्वीचा फोन आला. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, अंगात माझा मस्कतचा जुना टी-शर्ट.

"दोन दिवस बरे गेले, कालचा बेकार होता," ती म्हणाली. "मार्चपर्यंत बघते बाबा. मग ठरवू."

"मग ठरवू," मी म्हणालो.

"आई, आज काय केलंयस?"

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. "पडवळ."

"आई, खोटं नको हां."

मी ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. पडवळ, वरण, भात. सान्वी पोट धरून हसली. "बाबा, तुम्ही खाणार ते?"

"खातोय की."

मी घास घेतला. सतरा वर्षांत पडवळ काही सुधारलं नव्हतं. शेवंतीने न विचारता आणखी एक डाव वाढला, आणि मी तोही संपवला.