प्लॅटिनमची मूस

सासऱ्यांचं सगळं रसायनशास्त्र एका वाक्यात संपायचं: "प्लॅटिनमला काही होत नाही." घरच्या प्रयोगशाळेत कोणी आलं, की ते कपाटातून प्लॅटिनमची मूस, म्हणजे नमुने तापवायची छोटी वाटी, काढत, तिच्यात आम्ल ओतत आणि तो धातू स्वतःच घडवल्यासारखे छाती फुगवून उभे राहत. सुनेला या खेळाचा वीट आला होता. मूस एकच होती, सुनेची खनिजं तपासायची सगळी कामं त्याच मुशीत चालत, आणि दुसरी घ्यायची ऐपत त्या घराची नव्हती.

आज एका कारखान्याचा मॅनेजर डाख देण्याच्या, म्हणजे धातूचे सांधे जोडण्याच्या, कामातली राख तपासायला घेऊन आला. सासऱ्यांनी ती गाळणकागदासकट थेट मुशीत टाकली.

"बाबा, डाखात शिसं असतं," सून म्हणाली. "कागद जळताना राखेतलं शिसं मोकळं होईल आणि प्लॅटिनम खाईल. चिनीमातीची मूस घ्या."

"ऐकलंत?" सासरे मॅनेजरकडे वळले. "आम्लाला दाद न देणारं प्लॅटिनम शिशाला भिणार म्हणे! आता सुना आम्हाला अक्कल शिकवणार."

मॅनेजर हसला. काही न कळता हसणाऱ्यांना कुठे तोटा आहे? नवरा पलीकडे तराजू पुसत होता; वडिलांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

बर्नर पेटला. आधी पिवळी, काजळी धरणारी ज्योत. मग सासऱ्यांनी ऐटीत हवेचं भोक उघडून ती निळी केली. गॅसचा कॉक सुनेच्या हाताशीच होता. तिने हात पाठीमागे बांधले. होऊ दे, तिला वाटलं, एकदा या माणसाचं नाक कापलं जाऊ दे, तेही पाहुण्यासमोर.

मूस लाल झाली. सासऱ्यांचं भाषण रंगात आलं असतानाच बुडातून एक चकचकीत थेंब टपकला. मग दुसरा. चिमट्याने मूस उचलली, तर बुडाला बोट जाईल एवढं भोक.

मॅनेजर घाईघाईने निघून गेला. सासरे स्टुलावर बसले. सुनेला हसू आवरेना. ही फजिती तिने मनात कितीदा रंगवली होती.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की तुम्हाला."

"मला यातलं कळत नाही, हेही ठाऊक होतं ना?" ते मान वर न करता म्हणाले. "मग गॅस का नाही बंद केलास?"

तिची नजर टेबलाकडे गेली. तिथे उद्या त्याच मुशीत तापवायची तिची खनिजं दळून तयार होती. नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट बघत होता.