कोणीच न ऐकलेली शिट्टी

कोराडीची टीम हरली, आणि हरली तीही जवळजवळ जिंकून झाल्यावर. अशी हार फार वाईट. चार गोलांनी मार खाल्ला असता तर कॉलनीतली माणसं रेफरीच्या खानदानाचा उद्धार करून, वाटेत तर्री-पोहे खाऊन सुखाने घरी गेली असती. पण इथे टीम एका गोलने पुढे होती, नव्वद मिनिटं सरली होती, वरच्या डिव्हिजनचं दार उघडून कोणी 'या, बसा' म्हणायचं तेवढंच बाकी होतं. आणि आपल्याच डिफेंडरने, आपल्याच गोलसमोर, चालू खेळात चेंडू दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. सावनेरला पेनल्टी मिळाली. बरोबरी झाली, टायब्रेकर झाला, आणि तोही गेला.

त्या डिफेंडरचं नाव अश्विन. पॉवर स्टेशनात ठेकेदाराकडे कामाला, बापामागे आईला सांभाळणारा, खाली मान घालून चालणारा पोरगा. 'शिट्टी वाजली होती,' असं तो रेफरीला सांगत होता, कॅप्टनला सांगत होता, शेवटी तर कोणी ऐकेना म्हणून नुसताच सांगत होता. रेफरीने आपली शिट्टी हातात धरून दाखवली. ती वाजली नव्हती.

रेफरीची वाजली नव्हती हे खरं. पण शिट्टी वाजली होती हेही तितकंच खरं. साऱ्या मैदानात ही गोष्ट प्रेमानंदाइतकी पक्की कोणालाच ठाऊक नव्हती, कारण ती त्यानेच वाजवली होती.

प्रेमानंद टर्बाइन हॉलमधून रिटायर झालेला, टीमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घायकुता चाहता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कॉलनीच्या लेझीम पथकापुढे शिट्टी घेऊन चालायचा मान त्याचा, आणि तीच शिट्टी गळ्यात अडकवून तो सामन्यांना यायचा. तिच्या इशाऱ्यावर ढोल सुरू होत, टाळ्या पडत. पण त्याचा एक कडक नियम होता. चेंडू मैदानाबाहेर गेल्याशिवाय शिट्टी ओठाला लावायची नाही. एकदा कोणा हौशी पाहुण्याने चालू खेळात पिपाणी फुंकली, तर प्रेमानंदाने त्याला असा झापला की तो बिचारा पुन्हा सामन्याला आला नाही.

त्याची दुसरी सवय जरा लाजिरवाणी होती. सामना अटीतटीचा झाला की शेवटची मिनिटं त्याच्याने बघवत नसत. 'लघवीले जाऊन येतो,' म्हणून तो उठायचा आणि कुठेतरी आडोशाला उभा राहायचा. सगळी कॉलनी त्याच्यावर हसायची, आणि तो हसू द्यायचा. शहरात, सदर भागातल्या मैदानावर त्या दुपारीही तो तसाच उठला. पण पाय लांब जाईनात. आपल्या गोलच्या मागे जाहिरातीचा फ्लेक्स लावला होता, त्याच्या आडून तो एका डोळ्याने बघत राहिला. घड्याळ वेळ संपल्याचं सांगत होतं. अश्विनने सावनेरच्या पोराच्या पायातून चेंडू अलगद काढून घेतला आणि प्रेमानंदाचा ऊर भरून आला. शिट्टी तोंडात कधी गेली त्याला कळलंच नाही. लेझीम थांबवताना वाजवतात तशी वाजली, एका दमाची, लांब.

पुढे जे झालं त्यावर प्रेमानंदानेही आधी रेफरीला शिव्याच दिल्या, अगदी मनापासून. शिवी द्यायला तोंड उघडलं तेव्हा दातांतली शिट्टी सुटून छातीवर पडली, आणि शिवी अर्ध्यावरच राहिली.

तेव्हाच धावत जाऊन रेफरीला सांगायला हवं होतं. पण त्याने विचार केला, आपला गोलकीपर पेनल्टी अडवेल, मग कशाला बोभाटा? गोल झाला. मग वाटलं, टायब्रेकर आहे ना, जिंकलो तर कोण विचारतो? टायब्रेकरही गेला. बूँद से गई वो हौद से नहीं आती, हे त्याला दुसऱ्यांना सांगायला फार आवडायचं.

कॉलनीची बस परत निघाली तेव्हा ढोल मागच्या दाराशी आडवे पडले होते आणि अश्विन शेवटच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसला होता. मग गोपाळराव, प्रेमानंदाचे टर्बाइन हॉलमधले जुने सोबती, मागे वळले.

"काहून बे पोट्ट्या, चेंडू उचलाले तुले कोणी सांगतलं होतं?"

"शिट्टी आयकली काका मी. लांब शिट्टी वाजली."

"आम्ही इतके जण होतो. आम्हाले कोणाले कशी नाही आयकू आली?"

आता यात गोपाळरावांचं खोटं काही नव्हतं. जन्म टर्बाइनच्या गडगडाटात गेलेली ही माणसं. बारीक, चिरका आवाज त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बायकांनी यांच्याकडून कधीच काढून घेतलं होतं. प्रेमानंदाचेही कान तसलेच, म्हणून तर तो शिट्टी फुंकायचा ती छाती फुटेस्तोवर. आणि जी तरणी पोरं होती ती ढोलाला चिकटून नाचत होती. त्यांना त्या वेळी आभाळ कोसळलेलंही ऐकू आलं नसतं.

"साहिल, तू तं गोलमध्ये होता," कोणीतरी गोलकीपरला विचारलं. "तुले आयकू आली का?"

साहिलने क्लबचे सेक्रेटरी मनोहरराव यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथला संताप पाहून म्हणाला, "माहं ध्यान नव्हतं."

मग पुढच्या सीटवरून एक वाक्य आलं. कोणाचं ते कळलं नाही, असली वाक्यं कोणाचीच नसतात. "याचा मामा सावनेरचाच आहे ना?"

अश्विनने खिडकीवरून डोकं उचललं, काही बोलायला ओठ हलवले आणि पुन्हा डोकं टेकवलं. हरणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. कॉलनीत हरलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खेळतो. विकला गेलेला म्हणून ज्याचं नाव निघालं, त्याच्या पोरांनाही लोक ते सांगतात.

प्रेमानंद दांडा धरून उभा राहिला. "शिट्टी मी वाजवली."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी वाजवली गा! हे शिट्टी. टाइम संपला वाटलं, आनंदात वाजवून बसलो. पोट्ट्याची काही चुकी नाही."

गोपाळरावांनी त्याचा हात धरला आणि फार मायेने त्याला खाली ओढला. "बस, प्रेमा. समजलं आम्हाले."

"काय समजलं?"

"तू तं लघवीले गेला होता."

"मी नव्हतो गेलो! मी कधीच नाही जात!"

यावर बसमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं. हरल्यापासून कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे ते जरा जास्तच झालं. प्रेमानंद गोल गोल फिरून तेच सांगू लागला. फ्लेक्सच्या आड होतो, घड्याळ पाहिलं, ऊर भरून आला. तो जितकं खरं सांगत होता, तितकं ते रचलेलं वाटत होतं. फ्लेक्सच्या आड माणूस कशाला उभा राहील? आणि चालू खेळात शिट्टी फुंकणारा प्रेमानंद कोणी पाहिला होता? त्याच्या चांगुलपणानेच त्याला खोटं पाडलं.

शेवटी मनोहरराव उठून त्याच्याजवळ आले. "प्रेमानंद, तुह्यं मन मोठं आहे. याच्या बापाच्या मयतीले तू उभा होता, घरच्यासारखा राहिला, सगळ्याले माहीत आहे. पण टीमच्या गोष्टीत असं खोटं नको बोलू. शोभत नाही तुले."

"वाजवून दाखवू का?"

"दाखव. शिट्टी आहे ते. वाजनच."

मनोहरराव मागे न बघताच पुढे बोलले, "अश्विनचं आता पाहू. सध्या प्रॅक्टिसले येऊ नको म्हणावं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो इथे उलटा होता. तोंड मोकळं होतं, हवं तेवढं ओरडायला मुभा होती, आणि बुक्क्या दुसऱ्यालाच बसत होत्या. कॉलनीच्या गेटपाशी बस थांबली तेव्हा अश्विन सगळ्यांत आधी उतरून निघून गेला.

घरी बायकोने, मायाने, सगळं ऐकून घेतलं. ती एकटीच अशी निघाली की जिने शंका घेतली नाही. "तुम्हीच वाजवली असन," ती म्हणाली. "घाई तुमच्या हाडात आहे. मंग बसमधल्या लोकायले कायले सांगत बसले? त्या पोराले जाऊन सांगा. त्यानं स्वतः आयकली. तो तं मानन."

एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, याचं प्रेमानंदाला नवल वाटलं. त्या रात्री त्याला झोपही लागली. जगात निदान एक माणूस होता ज्याच्या कानांनी ती शिट्टी ऐकली होती, आणि त्याच माणसाची माफी मागायची होती. मग दोघांनी मिळून मनोहररावांच्या दारात जायचं. एकाचं खोटं ठरतं, दोघांचं कसं ठरेल?

सकाळी तो अश्विनच्या घरी पोचला तेव्हा पोरगा पलंगावर बसून मोबाइल बघत होता. आई, बायजाबाई, मोरीपाशी भांडी घासत होती. प्रेमानंदाने चप्पल काढता काढताच सांगायला सुरुवात केली, मध्ये थांबला तर हिंमत जाईल म्हणून. सगळं सांगितलं. घड्याळ, फ्लेक्स, दातांतली शिट्टी, टायब्रेकर जिंकू म्हणून गप्प बसलो तेही.

अश्विनने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाइल पुढे केला. "काका, हा व्हिडिओ पाहा. पोरायनं ग्रुपवर टाकला."

चेंडू उचलतानाचा तो व्हिडिओ होता. ढोल ढणाणत होते. दुसरं काही नव्हतं.

"ढोलाजवळून काढला ना थो!" प्रेमानंद म्हणाला. "त्याच्यात शिट्टी कशी येईन? मी गोलच्या मागं होतो, तुह्या जवळ!"

"मागं असते तर मले दिसले असते, काका."

"आडोशाले होतो म्हणून तं सांगून राहिलो!"

अश्विन थकलेलं हसला. डोळे सुजले होते, पण आवाज निवांत होता, काहीतरी ठरवून टाकल्यासारखा. "मी रातभर हाच पाहून राहिलो. पह्यले वाटे, वाजली. मंग वाटलं, वाजली असन. आता वाटते, नाही वाजली. जिंकाची लय घाई झाली होती मले. मनातच वाजली."

"अबे, वाजली होती!" प्रेमानंद ओरडला. रेफरीवर ओरडायचा तसा, सगळ्या जिवाने. "तुह्ये कान खरे आहेत! मह्या शिट्टीची शपथ!"

"बाबा गेले तवा तुम्ही आले होते," अश्विन म्हणाला. "आताही तुम्हीच आले. पण माह्यासाठी तुमचं नाव नका खराब करू, काका. मी संध्याकाळी मनोहररावकडे जाऊन राहिलो. सांगतो, शिट्टी-बिट्टी काही नव्हती, मी खोटं बोललो. माफी मांगतो. मंग प्रॅक्टिसले येऊ देतीन."

प्रेमानंदाला कळून चुकलं की हे मात्र सगळे लगेच मानतील. कोणी एक प्रश्नही विचारणार नाही. मनोहरराव पाठीवर हात ठेवतील, गोपाळराव मान हलवतील, आणि शिट्टी नव्हतीच म्हटल्यावर चेंडू मुद्दाम उचलला असं ठरून मामाची गोष्ट तेवढी कायमची खरी होऊन बसेल. तो अश्विनचा हात धरून "नको जाऊ" म्हणू लागला. का नको, हे सांगायला त्याच्याजवळ तेच एक कारण होतं, आणि ते सांगून संपलं होतं.

बायजाबाई पदराला हात पुसत चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देऊन तिने त्याच्यापुढे हात जोडले.

"तुमच्यासारखं कोणी नाही केलं भाऊ आमच्यासाठी," ती म्हणाली. "पण पोट्ट्यानं आपली चुकी कबूल केली ना, मले त्यातच सगळं भेटलं. चुकी कबूल कराले लय मोठी हिंमत लागते. नाही का?"

प्रेमानंद कपाकडे बघत राहिला.

"हाव, बाई," तो म्हणाला. "लागते."