काजाचं ब्लेड

टोपीवाले काका गेले असं औषधवाल्यानं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या उरलेल्या गोळ्यांचा. आता मला काय म्हणायचं ते म्हणा. अडीच महिने ती फिटची गोळी कुठेच मिळत नाहीये. औषधवाला रोज "वरूनच माल येत नाही हो ताई" म्हणून हात वर करतो. दुसरी गोळी आमच्या ह्यांना मानवत नाही. घरातल्या डबीत उरल्या होत्या तीन.

आमचे हे छापखान्यात कटिंग मशीनवर असतात. कागदाचा वीतभर गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, की खटकन पातं खाली. अकरा वर्षांत त्यांना एकदाही फिट आली नाही, ती त्या एवढ्याशा गोळीच्या जिवावर. पात्यासमोर उभं असताना आली तर? ह्याच्या पुढचा विचार मी करतच नाही.

महिनाभर मी त्यांना अर्धीच देत होते. तेही न सांगता. सांगितलं असतं तर घरी बसले असते नाहीतर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मला दोन्ही नको होतं. दुपारपाळीला निघण्याआधी ते पेपरातून डोकं वर न काढता हात पुढे करतात, मी गोळी ठेवते, ते तोंडात टाकतात. हातावर काय ठेवलंय ते बघायचीसुद्धा ह्या माणसाला सवय नाही. आणि कापण्यात मला कोण हरवणार? मी शिंप्याकडे काजं करते. नखानं खूण करायची, कोरं ब्लेड टेकवायचं, एकच दाब. चुरा पडत नाही.

टोपीवाले काका माझे रांगेतले सोबती. उकाड्यातसुद्धा डोक्यावर लोकरीची टोपी. "आपण दोघं ह्या दुकानाचे पहारेकरी झालो बघ," म्हणायचे. मी म्हणायचे, "मग पगार मागा की!" एकदा मात्र काकांनी डबी उघडून दाखवली. आठच गोळ्या राहिल्यात म्हणाले. झालं! मी लागले शहाणपण शिकवायला. "अहो काका, अर्धी करून घ्या. आमच्याकडे किती दिवस चाललंय, काही होत नाही." एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? पर्समधलं कोरं ब्लेड काढलं, निळ्या चौकड्याच्या चिंधीत गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. खूण कशी करायची तेही दाखवलं. काका म्हणाले, "पोरी, अगदी देवासारखी भेटलीस."

ते गेल्याचं कळलं त्याच सकाळी औषधवाल्याकडून पत्ता घेतला. तिसरा मजला. जिना चढताना भेटायला आलेल्या बाईचा चेहरा करून ठेवला. दार काकूंनी उघडलं; औषधवाल्याकडून कळलं, एवढंच मी सांगितलं. बारीक अंगाच्या, डोळे रडून रडून कोरडे झालेले. खुंटीला ती टोपी तशीच होती.

"जिन्यातच फिट आली," काकू म्हणाल्या. "तू आत्ता चढून आलीस ना, त्याच जिन्यात."

मी बसले. पाणी प्याले. मग तोंड वर करून विचारलंच, "काकू, गोळ्या काही उरल्यात का? आमच्या ह्यांना तीच लागते." बोलताना जीभ कशी झडली नाही कोण जाणे. काकू मात्र लगेच उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकची डबी घेऊन आल्या. "ने गं बाई. इथं कोण खाणार आहे आता?"

डबीत सगळ्या अर्ध्या. सहा होत्या. कापलेली कड अगदी सरळ, कुठे चुरा नाही. आणि बाजूला निळ्या चौकड्याची चिंधी.



"रांगेत कुणी बाई भेटली होती त्यांना," काकू सांगत होत्या. "तिनं ही युक्ती सांगितली. कोण कौतुक होतं त्यांना तिचं! आता डॉक्टर म्हणतात, अर्धी केली तिथंच चुकलं. ती बाई कधी भेटली ना, तर एवढंच विचारणार आहे मी तिला, तुझ्या घरचं माणूस बरं आहे ना?"

  ती बाई मीच, असं सांगितलं आणि त्यांनी डबी परत मागितली तर? पात्याखाली सरकणारे ह्यांचे हात दिसायला लागले. मी डबी पर्समध्ये टाकली. "ते ब्लेडही ने, लागेल तुला," काकू म्हणाल्या. नेलं.

घरी आले तेव्हा ह्यांचं जेवण झालं होतं. हात पुढे आला. मी दोन अर्ध्या ठेवल्या.

"दोन?" ह्यांनी पेपर खाली केला. नेमकं आजच बघायचं होतं!

मग मी सगळं सांगितलं. महिनाभराची अर्धी गोळी, रांग, ब्लेड, जिना. रडत रडत, नाक पुसत सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्या काकूंना सांगितलंस?" एवढंच विचारलं.

"नाही."

त्यांनी दोन्ही तुकडे डबीत टाकले, झाकण लावलं आणि डबी माझ्याकडे सरकवली. "आधी सांगून ये. त्यांनी दिल्या तर घेईन."

"अहो, वेड लागलंय का? आधी घ्या! पाळीवर जायचंय तुम्हाला!"

"पाळीवर जात नाही. इथंच बसलोय."

किती विनवलं. ऐकतील तर शपथ! शेवटी डबी आणि चिंधी मुठीत धरून निघाले. तो जिना दुसऱ्यांदा चढताना कठड्याला धरून चढले. प्रत्येक पायरीवर वाटायचं, हीच असेल का?

बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं.

"काय गं, काही राहिलं का?"

"हो काकू," मी म्हटलं आणि मूठ उघडली. "हे ब्लेड माझं आहे."